ढगाच्या तळाशी: तुळजापूर ते म्हैसमाळ

मुंबईच्या हवामान रडारपासून छत्रपती संभाजीनगर सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. हैदराबादच्या रडारपासून नांदेड सुमारे २३० किलोमीटर. नागपूरपासून औंढा नागनाथ पुन्हा पावणेतीनशेच्या घरात. नकाशावर ही अंतरं फार वाटत नाहीत. पण रडार लहरी सोडतं आणि थेंबांवरून परत येणाऱ्या लहरींवरून पाऊस ओळखतं; त्या लहरींचा किरण जवळपास सरळ जातो आणि पृथ्वी त्याच्याखालून वाकत जाते. अर्ध्या अंशाने वर रोखलेला किरण १०० किलोमीटरवर जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंच गेलेला असतो, २०० किलोमीटरवर चार किलोमीटरच्या वर, आणि २५० वर पावणेसहाच्या आसपास. पावसाळ्यात आपल्याकडे शून्य अंश सेल्सिअस तापमानाची पातळी साधारण पाच किलोमीटरवर असते. म्हणजे नांदेडवरच्या ढगात हैदराबादचं रडार जिथे शिरतं, तिथे बर्फ वितळायला सुरुवात होत असते. त्याच्या खाली पाऊस पडतोय, अर्धवट पडतोय की वाटेतच विरतोय, हे त्या किरणाला कळत नाही. जत्रेच्या गर्दीत लांबून नुसते फेटे दिसावेत आणि माणसं चालताहेत की उभी आहेत ते कळू नये, तसं आमच्या मराठवाड्याच्या आभाळाचं होतं.

मी मूळची लातूर जिल्ह्यातली, आता पुण्यात भौतिकशास्त्र शिकवते. माझी एक जुनी विद्यार्थिनी वातावरणशास्त्रात संशोधन करते. तिने या पावसाळ्यापुरतं एक छोटं लिडार, म्हणजे लेसरचा प्रकाश वर सोडून त्याच्या परतण्यावरून उंची मोजणारं यंत्र, लातूरजवळच्या एका महाविद्यालयाच्या गच्चीवर ठेवलं होतं, शिवाय वाटेवरच्या काही शाळांत पर्जन्यमापकं लावली होती. श्रावणात ती त्यांची तपासणी करायला निघाली, तेव्हा मीही गाडीत बसले. मराठवाड्याच्या पावसाबद्दल आपण बोलतो खूप, पण तो जवळून मोजतो फार थोडा, हे मला बरीच वर्षं टोचत होतं.

सोमवार: सोलापूर, तुळजापूर

सोलापूरला सी-बँड रडार आहे, म्हणजे साधारण पाच सेंटिमीटर लांबीच्या लहरींचं. मराठवाड्याच्या दक्षिण भागाला हेच सगळ्यांत जवळचं. तुळजापूर इथून चाळीसेक किलोमीटर, धाराशिव साठेक, लातूर शंभराच्या थोडं पुढे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने २००९ मध्ये ‘कायपेक्स’ नावाचा ढगांच्या अभ्यासाचा मोठा कार्यक्रम सुरू केला, आणि त्याचा चौथा टप्पा २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापुरातून झाला. सह्याद्रीच्या पलीकडे पडणारा पाऊस इथे पर्जन्यछायेमुळे मिळत नाही, पण ढग मात्र येतात. म्हणून ही जागा.

सोलापूर सुटल्यावर गाडी चालवणाऱ्या मामांनी विचारलंच, “मॅडम, विमानातून पाऊस पाडायचे ते हेच का?”

हा प्रश्न पुढे सगळ्या वाटेवर येत राहिला, म्हणून इथेच नीट सांगते. त्या प्रयोगात दोन विमानं होती. एक ढगाच्या तळाशी जाऊन कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या जाळायचं, दुसरं ढगात शिरून थेंब मोजायचं. २७६ ढग निवडले होते. त्यांतल्या कशात बीजारोपण करायचं, म्हणजे हे कण पेरायचे, आणि कोणता तसाच सोडायचा, हे आधीच चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं असायचं, म्हणजे निवड करणाऱ्याच्या मनाचा कल निकालात शिरणार नाही. रडार आणि जमिनीवरची पर्जन्यमापकं मिळून हिशेब केला तेव्हा वारा ज्या दिशेला जातो त्या अंगाला १०० चौरस किलोमीटरच्या टापूत पाऊस सरासरी १८ टक्क्यांनी जास्त निघाला. हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो चिकाटीने आणि तुलना करून मिळवलेला आहे. पण तो योग्य ढग हाताशी असतानाचा आकडा आहे. निरभ्र आकाशातून कोणतंही विमान पाणी काढू शकत नाही. मामांना हे पटलं. “म्हंजे आदी ढग पायजे,” एवढंच म्हणाले, आणि ते बरोबरच आहे.

बालाघाटाचा चढ लागला की हवा बदलते. पश्चिमेचा वारा अंगावर येत होता आणि डोक्यावरून पांढऱ्या ढगांची रांग पूर्वेकडे सरकत होती. देवळात गर्दी होती. दर्शन घेऊन, एका शाळेतलं पर्जन्यमापक पाहून आम्ही मुक्कामी गेलो.

मंगळवार: औसा रस्ता, लातूर

सोयाबीन फुलोऱ्यात आलेलं आणि पावसाचा खंड पडलेला. दुपारची पानं मान टाकून होती. औशाच्या अलीकडे टपरीवर चहाला थांबलो. शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या काकांनी आमच्या गाडीतल्या नळ्या आणि बादल्या पाहून विचारलं, “पावसाचे का तुमी, ताई?”

“पाऊस मोजणारे, काका. पाडणारे नाही.”

“मोजा की मग. आभाळ रोज येलालंय, पण पडंना. मंडळात पाऊस लागला म्हणतेत, माज्या रानात टिपूसबी नाही.”

काका जे बोलले त्याच्या मागे मोठा व्यवहार आहे. राज्यात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, ‘महावेध’ प्रकल्पाखाली दोन हजारांहून जास्त. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर मंडळात अतिवृष्टी धरली जाते. अनुदानापासून पीकविम्यापर्यंत पुष्कळ काही त्या एका केंद्राच्या आकड्यावर चालतं. ही केंद्रं नव्हती तेव्हापेक्षा आता परिस्थिती कितीतरी बरी आहे. पण एका मंडळात कितीतरी गावं असतात, आणि श्रावणातली सर एका शिवारात पडून बांधापलीकडे कोरडं ठेवू शकते. पर्जन्यमापकाचं तोंड केवढं? वीतभर. त्याच्या भोवतीच्या शिवारांत काय झालं हे त्याला विचारता येत नाही. मधली जागा भरून काढायला रडार लागतं, आणि तेही जवळचं.

माझ्या विद्यार्थिनीने काकांच्या गावच्या शाळेतलं मापक उघडलं. आत दोन कप्प्यांचं एक तराजूसारखं पातं असतं, ०.२ मिलिमीटर पाऊस साठला की ते एका बाजूला कलतं आणि एक नोंद होते. चाळणीवर कडुनिंबाची पानं, आत कोळ्याचं जाळं. तिने ते साफ केलं, मोजून पाणी ओतलं, कलण्याची संख्या वहीत लिहिली. हे काम कुणाला भव्य वाटणार नाही. पण उपग्रह असो की रडार, त्याचा पाऊस खरा की खोटा हे शेवटी अशाच भांड्याशी पडताळलं जातं, म्हणून मला ते पाहताना आदर वाटत होता. शाळेतली सातवी-आठवीची पोरं भोवती गोळा झाली होती. एका मुलीने विचारलं की गार पडली तर हे कसं मोजेल. तिला उत्तर मिळालं की वितळल्यावर मोजेल, पण वेळ चुकेल. किती नेमका प्रश्न!

लातूरला पोचेपर्यंत चार वाजले. रेल्वे स्टेशनवरून जाताना २०१६ चा एप्रिल आठवतोच. मिरजेहून निघालेली ‘जलदूत’ गाडी दहा टाक्यांत पाच लाख लिटर पाणी घेऊन इथे आली होती. माझी आई तेव्हा इथेच होती. याच मराठवाड्याने २०२५ च्या सप्टेंबरात सीनेचा पूर पाहिला, परंड्या-भूमकडची शेतं मातीसकट गेली. दोन्ही वर्षं एकाच प्रदेशाची आहेत, आणि दोन्हींत ढगाची खबर वेळेवर मिळणं महत्त्वाचं होतं.

आता गच्चीवर. सिलोमीटर म्हणजे ढगाचा तळ मोजणारं लहान लिडार. माणसाच्या उंचीची पेटी, वर काच, काचेवर धूळ बसू नये म्हणून पंखा. त्यातून ९१० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाचे बारीक ठोके सरळ वर जातात, डोळ्याला न दिसणारे. वाटेत धूलिकण, बाष्पावर फुगलेले सूक्ष्म कण, ढगाचे थेंब जे भेटेल ते थोडा प्रकाश परत पाठवतं. एक किलोमीटर वर जाऊन यायला प्रकाशाला साडेसहा मायक्रोसेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. तेवढा वेळ मोजला की उंची कळली. लेसर वातावरणात सोडून त्याचं परतणं मोजण्याचा पहिला प्रयोग फिओको आणि स्मलिन या दोघांनी १९६३ मध्ये केला, लेसरचा शोध लागून तीन वर्षं होत होती तेव्हा. आज तेच काम करणारी पेटी लातूरच्या गच्चीवर घरच्या विजेवर चालते, हे मला फार मोठं वाटतं.

पडद्यावर सकाळपासूनचा आलेख होता: आडवा वेळ, उभी उंची. सकाळी जमिनीलगत धुळीचा जाड पट्टा. अकरानंतर तो वर वर चढत गेलेला, कारण जमीन तापली की हवा उसळते आणि धूळ-बाष्प सोबत नेते. बाराच्या सुमारास त्या पट्ट्याच्या माथ्यावर ढगांचे लाल ठिपके, तेराशे मीटरवर.

पाच वाजता पश्चिमेकडून एक काळसर ढग आला. त्याच्या पोटातून राखाडी झालरी लोंबत होत्या. खालच्या टोकाला त्या विरत होत्या. गच्चीवर आम्हाला वारा लागला, मातीचा वास आला, पाणी नाही. पडद्यावर मात्र सगळं उमटत होतं: ढगाचा तळ पंधराशे मीटरवर, तिथून खाली तिरप्या रेषा, आणि सहाशे-सातशे मीटरवर त्या संपलेल्या. पाऊस पडत होता. जमिनीपर्यंत पोचत नव्हता.

याचं गणित सोपं आहे. अर्धा मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण दोन मीटर वेगाने पडतो. दीड किलोमीटर खाली यायला त्याला बारा मिनिटांच्या वर लागतात. खालची हवा कोरडी असेल तर तेवढ्या वेळात त्याची वाफ होते. दोन मिलिमीटरचा थेंब सहा-साडेसहा मीटर वेगाने चार मिनिटांत पोचतो आणि फारसा झिजत नाही. म्हणजे ‘आभाळ येतं पण पडत नाही’ या वाक्यातला निम्मा निकाल ढगात लागतो आणि निम्मा ढगाखालच्या दीड किलोमीटरमध्ये. तोच दीड किलोमीटर लांबच्या रडारला दिसत नाही. काकांना ही झालर दाखवायला हवी होती, असं वाटत राहिलं.

बुधवार: लातूर

दिवसभर उपग्रहांची चित्रं. बाहेर ऊन, आत आमचे दोन लॅपटॉप आणि आईने केलेली येसर आमटी.

इन्सॅट-३डीआर हा उपग्रह ८ सप्टेंबर २०१६ ला गेला, इन्सॅट-३डीएस १७ फेब्रुवारी २०२४ ला. दोघंही विषुववृत्तावर ३६ हजार किलोमीटरवरून सतत आपल्याकडे बघत असतात. दृश्य प्रकाशात त्यांचा एक ठिपका जमिनीवर एक किलोमीटरचा, औष्णिक अवरक्तात चारचा. रात्री दिसतं ते अवरक्तच, आणि त्यात दिसतं ढगाच्या माथ्याचं तापमान. माथा थंड म्हणजे ढग उंच, उंच म्हणजे बहुधा पाऊस, असा तर्क त्यामागे असतो. मोठ्या वादळी ढगाला तो लागू पडतो. पण वादळ विरल्यावर वर पसरलेला बर्फाळ पडदा तितकाच थंड असतो आणि त्यातून थेंबही पडत नाही. उलट सहा किलोमीटरच्या आत माथा असलेला ढग चित्रात साधा करडा दिसतो आणि खाली चांगला पाऊस देऊन जातो. मोबाइलवर लालभडक ढग पाहून ‘आज पडणार’ म्हणणाऱ्यांनी एवढं जरूर लक्षात ठेवावं.

ढगाच्या आत बघायचं तर उपग्रहावरच रडार हवं. ते पहिल्यांदा १९९७ च्या नोव्हेंबरात टीआरएमएम या पाऊस मोजणाऱ्या उपग्रहावर गेलं. २०१४ पासून जीपीएम या जागतिक पाऊस-मोजणी मोहिमेच्या मुख्य उपग्रहावर दोन वारंवारतांचं रडार आहे, १३.६ आणि ३५.५ गिगाहर्ट्झचं. लहान थेंबांना ३५.५ जास्त जाणतं, मुसळधार पावसात १३.६ टिकून राहतं. दोघांची तुलना केली की थेंबांच्या आकाराचा अंदाज लागतो. २००६ मध्ये कॅलिप्सो उपग्रहावर लिडार गेलं आणि त्याच रॉकेटने क्लाउडसॅटवर ढगांचं रडार. कॅलिप्सोचं काम २०२३ मध्ये थांबलं. मे २०२४ मध्ये युरोप आणि जपानने अर्थकेअर पाठवला, त्यात रडार आणि लिडार एकाच उपग्रहावर आहेत आणि ढगातली वर-खाली गतीही डॉपलर पद्धतीने, म्हणजे परतलेल्या लहरीच्या वारंवारतेतल्या फरकावरून, मोजली जाते.

तिने एका जुन्या फेरीचा कॅलिप्सोचा छेद उघडला. उत्तरेकडून दक्षिणेकडे मराठवाड्यावरून गेलेली एक बारीक रेघ, तिच्यात खाली धूळ, वर विरळ तंतुमेघ. सुंदर होतं. पण ती रेघच. उपग्रह पुन्हा नेमका त्याच गावावरून, नेमका ढग असताना जाईल याची वाट पाहण्यात ऋतू जातो. म्हणून वरचा छेद आणि गच्चीवरचा उभा आलेख जुळवायचे असतात. तिच्या प्रबंधातलं एक प्रकरण त्यावरच आहे.

गुरुवार: अंबाजोगाई, परळी, परभणी

अंबाजोगाईला योगेश्वरीचं दर्शन, नाश्ता, पुढे. परळीच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसल्यावर तिने गाडीतच मुद्दा काढला. ढगातला प्रत्येक थेंब कुठल्या तरी कणावर बसूनच तयार होतो. कण फार झाले की तेवढंच बाष्प जास्त थेंबांत वाटलं जातं, थेंब बारीक राहतात, एकमेकांवर आदळून मोठे व्हायला ढगाला आणखी उंची गाठावी लागते. विमानांनी केलेल्या मोजणीत भारतातल्या प्रदूषित ढगांत हेच दिसलेलं आहे: थेंब पावसाएवढा व्हायला तिथे ढग जास्त जाड लागतो. मराठवाड्याला हे पुरेसं गांभीर्याने घ्यावं लागेल, कारण आमचे ढग मुळात फार जाड नसतात.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या परिसरात पोचलो. कृषी हवामान वेधशाळा म्हणजे तारेच्या कुंपणातली हिरवळ, पांढऱ्या झडपांची पेटी, बाष्पीभवनाचं पसरट भांडं, वाऱ्याच्या वाट्या. इथले वेध सकाळी सात आणि दुपारी दोनला स्थानिक वेळेप्रमाणे घेतले जातात. झडपांच्या पेटीतले कोरडा आणि ओला हे दोन तापमापक पाहून मी तिला जुना नियम विचारला आणि तिने लगेच सांगितला: हवेचं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतलं बाष्प दव होऊ लागतं, ते या दोन तापमापकांवरून काढता येतं) यांतला फरक घ्या, दर अंशाला सव्वाशे मीटर धरा, दुपारच्या ढगाचा तळ साधारण तिथे. मंगळवारी लातूरला तापमान ३१ आणि दवबिंदू २१ होता. फरक दहा, म्हणजे साडेबाराशे मीटर. सिलोमीटर तेराशे म्हणत होतं. दोन साध्या तापमापकांनी लेसरला इतकं जवळून गाठावं, याचा आनंद मला वर्गात सांगता येईल तेवढा थोडाच.

चहा घेताना जमलेल्यांत २०१४ च्या गारपिटीचा विषय निघाला. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत ती चालली, गहू-हरभरा-ज्वारी झोपली, फळबागा ओरबाडल्या गेल्या. गार ओळखणं हे आजच्या रडारला जमतं. आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरी पाठवणारं रडार असलं की मोठा थेंब पडताना चपटा होतो हे त्याला समजतं. गार मात्र गोलांट्या खात येते, तिचा आडवा-उभा फरक जवळजवळ शून्य. परतावा खूप जोरदार आणि फरक शून्य, म्हणजे गार. अर्ध्या तासाची सूचना मिळाली तरी माणसं आणि जनावरं आडोशाला जातात. वीज पडून शेतात माणसं दगावतात त्यासाठी पुण्याच्याच मौसम विज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे. मामांच्या फोनवर आम्ही ते तिथेच उतरवून दिलं.

शुक्रवार: जिंतूर, औंढा नागनाथ

औंढ्याजवळ, हिंगोली जिल्ह्याच्या माळावर लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. गुरुत्वीय लहरी पकडायला चार-चार किलोमीटरचे दोन हात, त्यांतून लेसर, आणि आतली हवा जवळपास सगळी काढून टाकलेली, कारण हवेचा रेणूसुद्धा त्या मापनाला अडथळा. आमच्या गाडीतला विषय नेमका उलटा होता: हवेतून जाताना लेसरला जो अडथळा होतो तोच आम्हाला हवा. एकाच जिल्ह्याच्या मातीवर प्रकाशाची ही दोन कामं होऊ शकतात, हे तिथल्या पोरांना कुणीतरी उत्साहाने सांगायला हवं.

देवळाच्या कोरीव भिंती पाहून बाहेर आलो आणि पावणेपाचला पाऊस आला. टपोरा, सरळ, वाऱ्याशिवाय. आम्ही एका दुकानाच्या पत्र्याखाली, तिचं हातातलं मापक मोकळ्यावर. तासात २२ मिलिमीटर भरले.

मी फोनवर रडारची चित्रं उघडली. हैदराबादच्या अडीचशे किलोमीटरच्या वर्तुळात औंढा येतच नाही, ते २८० वर आहे. नागपूरचंही तेच. सोलापूर २४० किलोमीटरवर, म्हणजे किरण साडेपाच किलोमीटर उंच. चित्राच्या कडेला पुसट हिरवे दोन ठिपके. इन्सॅटच्या अवरक्तात करडा ढग, माथा फार थंड नाही. पावसाच्या तीव्रतेचं आणि रडारच्या परताव्याचं नातं मार्शल आणि पामर यांनी १९४८ मध्ये मांडलं, ते आजही वापरतात. त्या सूत्राने २२ मिलिमीटर प्रति तास म्हणजे साधारण ४४ डीबीझेड (रडारचा परतावा मोजायचं एकक). साठ-सत्तर किलोमीटरवर रडार असतं तर औंढ्यावर ठळक ठसा उमटला असता. आमच्या पायाशी ओहोळ वाहत होता आणि तीन रडारांच्या चित्रांत औंढा जवळपास कोरडं होतं.

तिने वेळ, आकडा, ठिकाण लिहून घेतलं. दुकानदार दादांनी विचारलं, “नोंद झाली का पावसाची?” “आमच्या वहीत झाली,” ती म्हणाली.

शनिवार: जालना मार्गे छत्रपती संभाजीनगर

लांबचा प्रवास, कापसाचं रान, मंठ्याला जेवण. सांगण्यासारखं एकच. संभाजीनगरला विभागीय आयुक्तालयाच्या गच्चीवर २०१५ च्या दुष्काळात कृत्रिम पावसासाठी सी-बँड रडार बसवलं होतं. तेव्हा लोकांचं सगळं लक्ष विमानाकडे होतं. माझ्या मते त्या खटाटोपातली सगळ्यांत मोलाची वस्तू गच्चीवर होती. विमान ढग असेल तेव्हाच कामाचं. रडार ढग नसतानाही कामाचं, कारण ढग कुठे तयार होत नाहीत याचीही नोंद ऋतूमागून ऋतू साठली पाहिजे. प्रयोगापुरतं आणलेलं यंत्र ती साठवण करू शकत नाही.

रविवार: म्हैसमाळ

खुलताबादवरून वर. समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून थोडी जास्त उंची, दूरदर्शनचा मनोरा, गिरिजामातेचं देऊळ, धुकं. इथे रडार बसवण्याची चर्चा मराठवाड्यात बरीच वर्षं चालू आहे आणि जागा उत्तम आहे यात शंका नाही: चारी बाजूंना मोकळं क्षितिज, किरणाला डोंगर आडवा येत नाही.

आम्ही नकाशा पसरला आणि कर्कटक घेतलं. म्हैसमाळपासून १०० किलोमीटरचं वर्तुळ (त्यापुढे किरण दीड किलोमीटरच्या वर जातो): संभाजीनगर आत, जालना शहर ७५-८० वर, आत. बीड १३५, बाहेर. परभणी १९० च्या जवळ, लातूर २३५, नांदेड २४५. किरण हजार मीटरच्या डोंगरावरूनच निघतो, म्हणजे लातूरवर तो समुद्रसपाटीपासून सहा किलोमीटरच्या वर. मग सोलापूरभोवती १०० चं वर्तुळ: धाराशिव आत, लातूर काठावर, अंबाजोगाई बाहेर. दोन्ही वर्तुळं मिळूनही परभणी, हिंगोली, नांदेड आणि बीडचा मोठा भाग कोरा राहिला.

“एक मोठं रडार आलं की सगळं दिसेल असं लोक धरून चालतात, मॅडम,” ती म्हणाली.

“मग तू काय मागशील?”

तिचं उत्तर तयार होतं. म्हैसमाळला मोठं रडार हवंच. त्याशिवाय पूर्वेकडे, परभणी आणि नांदेडच्या मधोमध, तीन सेंटिमीटर लहरींचं एक्स-बँड रडार. त्याचा पल्ला लहान, जोरदार पावसात त्याची लहर क्षीण होत जाते, पण साठ किलोमीटरच्या आतला ढगाचा खालचा भाग ते बारकाईने दाखवतं. आणि दर जिल्ह्याच्या ठिकाणी एकेक सिलोमीटर, ज्याची किंमत रडारपुढे नगण्य आहे. मी त्यात शाळांची पर्जन्यमापकं घातली. औशाच्या त्या मुलीसारखी पोरं चाळणीवरची पानं काढायला आनंदाने तयार होतील, शिक्षक म्हणून एवढं मी खात्रीने सांगते.

उतरताना गाडीतच तिने जागा ठरवली. लातूरचं सिलोमीटर पुढच्या मृगाच्या आधी जिंतूरला हलवायचं, आणि औंढ्याच्या दुकानदार दादांना विचारून त्यांच्या पत्र्यावर एक मापक. मामांनी दादांचा नंबर घेऊन ठेवला होता, त्यांनी तो काढून दिला.